पाळीवर उभे राहून : गोंदिया जिल्ह्याच्या पॅनोरमा छायाचित्रांविषयी

प्रवासात काढलेल्या छायाचित्रांची समीक्षा करण्याची पद्धत आपल्याकडे नाही. प्रवासवर्णनाची समीक्षा होते, कारण तो साहित्यप्रकार मानला जातो. छायाचित्र मात्र 'छान आले' किंवा 'हलले' एवढ्यावर संपते. पण आज एखाद्या मुलखाची ओळख शब्दांपेक्षा चित्रांतून अधिक होते. सोनीने २००९ साली कॅमेरा फिरवून सलग रुंद चित्र घेण्याची सोय बाजारात आणली, २०१२ मध्ये आयफोनमध्ये ती आली आणि पुढे ती साध्या फोनातही मिळू लागली. तेव्हापासून तलाव, डोंगर, धरण किंवा किल्ला दिसला की माणूस हात लांब करून डावीकडून उजवीकडे सावकाश वळतो. त्याला वाटते, आपण 'सगळे' घेतले. हे 'सगळे' म्हणजे नेमके किती, हा या लेखाचा विषय आहे.

उदाहरण गोंदिया जिल्ह्याचे घेतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा रुंद चित्रासाठीच घडवलेला वाटावा असा आहे. नवेगावबांध आणि नागझिऱ्याचे तलाव, इटियाडोह धरणाचा पसारा, सालेकसा तालुक्यातला हाजरा फॉल, कचारगडच्या गुहा, प्रतापगडचा डोंगर, आणि पावसाळ्यात क्षितिजापर्यंत धानाच्या बांध्या. या जिल्ह्याची पर्यटनविषयक पुस्तिका, दिनदर्शिका किंवा दिवाळी अंकातले रंगीत पान उघडले की एक रुंद पट्टी दिसते. खाली पाणी, मध्ये डोंगरांची रांग, वर आभाळ. चित्राखाली शब्द ठरलेला : 'निसर्गरम्य'.

नवेगावबांधच्या बाबतीत हा शब्द चुकीचा आहे. सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला हा तलाव निसर्गाने केलेला नाही. अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असे सांगतात. कोहळी समाज तलाव बांधण्याच्या आणि पाणी वाटण्याच्या कौशल्यासाठी या भागात प्रसिद्ध आहे. तलावाभोवतीच्या डोंगरांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. त्यांनी तलाव बांधायला मदत केली अशी कथा आहे. पुढे कोलू पाटलांना लोकांनी कोलासूर देव केले आणि त्यांचे ठाणे तिथल्याच एका डोंगरावर बसवले. गावाच्या नावातच 'बांध' आहे.

छायाचित्रकार उभा राहतो तो बहुधा याच बांधावर, म्हणजे पाळीवर. तिथून पाणी चांगले दिसते, डोंगर चांगले दिसतात. चित्रात सगळे येते, फक्त पाळ येत नाही, कारण ती त्याच्या पायाखाली असते. जिच्यामुळे पाणी थांबले, जिच्यावर कुणाच्या तरी दोन-चार पिढ्यांची माती आणि घाम पडला, तीच वस्तू चित्राबाहेर राहते. मग तलाव आपोआप निसर्गाचा होतो आणि कोहळ्यांचे नाव पुसले जाते. कुणी मुद्दाम पुसलेले नसते. उभे राहण्याच्या जागेने पुसलेले असते. पॅनोरमाचा पहिला दोष हा असा आहे : तो सर्वांगीण असल्याचा दावा करतो आणि आपण कुठे उभे आहोत तेवढेच लपवतो.

दुसरा दोष त्याच्या तंत्रात आहे. पॅनोरमा म्हणजे एक छायाचित्र नव्हे. एकमेकांवर काही अंशी चढणारी अनेक छायाचित्रे घेऊन ती सांधलेली असतात. सांधा नीट जुळावा म्हणून प्रकाशाचे माप सुरुवातीलाच बांधून ठेवतात, कॅमेरा पातळीत धरतात, आणि वळताना शरीराभोवती न फिरवता भिंगातल्या एका बिंदूभोवती फिरवतात. नाहीतर जवळचे झाड आणि दूरचा डोंगर यांची जागा प्रत्येक तुकड्यात बदलते आणि झाड तुटते. एवढे केले तरी दोन गोष्टी सुटत नाहीत. सरळ रेषा वाकतात, सरळसोट पाळ धनुष्यासारखी दिसू लागते. आणि चित्राचे डावे टोक व उजवे टोक एका क्षणाचे नसते, मध्ये काही सेकंद गेलेले असतात.

त्या काही सेकंदांत जो हलतो त्याचे हाल होतात. ढीवराचा डोंगा अर्धा कापला जातो, उडत्या बगळ्याला तीन पंख फुटतात, पाळीवरून जाणाऱ्या बाईचे डोके एका तुकड्यात आणि पाय दुसऱ्यात राहतात. अशा दुहेरी आकृतीला या तंत्राच्या भाषेत 'घोस्ट', म्हणजे भूत म्हणतात, आणि जुळवणाऱ्या प्रणालीत ही भुते काढून टाकण्याची सोय असते. निवांत बसलेला पर्यटक चित्रात शाबूत राहतो, जाळे टाकणारा ढीवर भूत ठरून पुसला जातो. स्थिर त्याला जागा आणि काम करणाऱ्याला नाही, असा हा न्याय आहे. तंत्राला दोष देऊन उपयोग नाही. पण अशी शेकडो चित्रे पाहून 'या तलावावर माणूसच नाही, जंगल आणि पाणीच आहे' अशी समजूत होते. १९७५ साली इथे राष्ट्रीय उद्यान झाले, २०१३ साली नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अशा ठिकाणी त्या समजुतीचा परिणाम चित्रापुरता राहत नाही. ज्या पाण्यावर कुणाची रोजी आहे ते पाणी रिकामे दिसू लागले, की त्याच्या हक्काचा प्रश्नही रिकामा वाटू लागतो.

या रुंद नजरेचा इतिहासही तपासला पाहिजे. रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने १७८७ साली अशा गोलाकार चित्राचे पेटंट घेतले आणि लंडनमध्ये त्यासाठी खास इमारत उभी राहिली. प्रेक्षक मध्यभागी उभा, शहर त्याच्या भोवती. मालक होऊन पाहण्याची ही बैठक साम्राज्याच्या काळात लोकप्रिय झाली यात नवल नाही. पण आपल्या देशातला एक श्रेष्ठ पॅनोरमा छायाचित्र नाही, आणि तो काढणारा साहेबही नव्हता. दिल्लीचे चित्रकार मजहर अली खान यांनी १८४६ साली लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाजावरून चहूबाजूंचे दृश्य रंगवले. ते चित्र जवळजवळ पाच मीटर लांब आहे आणि सध्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. त्यात एका अंगाला किल्ल्यातले महाल, बागा, राहती घरे आहेत, दुसऱ्या अंगाला चांदणी चौक आणि शहर. मजहर अली कंपनीचे अधिकारी टॉमस मेटकाफ यांच्यासाठी काम करत. नोकरी साहेबाची होती, पण नजर दिल्लीकराची होती. कोणत्या छपराखाली कोण राहतो हे माहीत असलेल्या माणसाचे ते चित्र आहे.

बारा वर्षांनी, १८५८ मध्ये, फेलिस बिआटो हा छायाचित्रकार दिल्ली आणि लखनौला आला. त्यानेही उंच जागी उभे राहून छायाचित्रे घेतली आणि ती जोडून शहरांचे पॅनोरमा केले. तंत्र उत्तम आहे, पण ती जिंकलेल्या शहरांची चित्रे आहेत. त्याच बिआटोने लखनौच्या सिकंदरबागेत काढलेल्या छायाचित्रात मेलेल्यांची हाडे अंगणात पसरलेली दिसतात, आणि ती चित्रासाठी मांडली गेली असे अभ्यासक मानतात. ज्याला हाडे मांडता येतात त्याचा पॅनोरमा निरागस मानता येत नाही. पुढे इंग्रजांनी किल्ल्यातल्या बहुतेक इमारती पाडल्या. आज त्या कशा होत्या हे पाहायचे तर मजहर अलींच्या चित्राकडे जावे लागते. एकच प्रकार, एकच शहर, पण एका चित्रात वस्ती आहे आणि दुसऱ्यात ताबा. म्हणून पॅनोरमा वाईट, असा निष्कर्ष मी काढत नाही. तो कोण काढतो आणि कुठे उभा राहून काढतो, हे विचारल्याशिवाय त्याला चांगला म्हणता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

आता प्रतापगडकडे येऊ. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या या डोंगरावर महादेवाचे स्थान आहे आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांच्या नावाचा दर्गा आहे. हारूनी हे अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचे पीर. महाशिवरात्रीला इथे मोठी यात्रा भरते, दर्ग्यावर उर्स होतो, आणि दोन्हींकडे दोन्ही समाजांचे लोक जातात. याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. म्हणजे महादेव, पीर आणि बुद्ध यांना मानणारे लोक काही कोसांच्या आत नांदतात. रुंद चित्राची खरी गरज असलेली जागा कोणती, असे विचारले तर मी प्रतापगड सांगेन.

नेमकी इथेच रुंद नजर अरुंद होते. प्रतापगडची जी छायाचित्रे पाहायला मिळतात ती बहुधा दोन गटांत पडतात. एका गटात डोंगर, भगवे झेंडे आणि महादेव. दुसऱ्या गटात दर्गा, चादर आणि फुले. माथ्यावरून काढलेल्या पॅनोरमात पाणी आणि जंगल येते, माणसांच्या श्रद्धांची ही शेजारवस्ती येत नाही. मग कुणी 'ऐक्याचे प्रतीक' असा मथळा देऊन दोन वेगळी चित्रे शेजारी छापतो. मधला रस्ता, ज्यावरून नारळवाला आणि चादरवाला दोघेही चालतात, तो कुणीच घेत नाही. ऐक्य असेल तर ते त्या रस्त्यावर आहे. पॅनोरमाच्या भाषेत बोलायचे तर दोन्ही तुकडे उत्तम आहेत, सांधाच हरवला आहे.

शब्दांतून हा मुलूख पाहणाऱ्या लेखकाशी तुलना केली तर मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २०२५ साली दिवंगत झालेले मारुती चितमपल्ली वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला राहिले. त्यांचे या परिसराविषयीचे लेखन वाचताना तलावाचे एकच भव्य दृश्य डोळ्यांपुढे उभे राहत नाही. माशांची नावे येतात, पाखरांची नावे येतात, ती सांगणारे माधवराव पाटील डोंगरवारांसारखे स्थानिक जाणकार येतात. नावे कुणाकडून मिळाली हे लेखक लपवत नाही. त्या लेखनात पाळ चित्राच्या आत आहे. वनाधिकाऱ्याच्या नजरेलाही मर्यादा असतात आणि त्यांची चर्चा जरूर व्हावी. पण आपण कुठे उभे होतो हे सांगणारा लेखक वाचकाला ती मर्यादा तपासायची संधी देतो. रुंद छायाचित्र ती देत नाही.

हा विषय या वार्षिकात कशासाठी, असे कुणी विचारेल. त्याचे कारण आपल्या लेखनाशी आहे. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपल्या पुस्तकांच्या परीक्षणांत एक वाक्य सतत भेटते : 'मुस्लिम समाजाचे समग्र दर्शन घडते.' हे वाक्य कौतुकाचे वाटते, पण ते पॅनोरमाची मागणी आहे. एका लेखकाने कोकणी, दखनी, वऱ्हाडी, पिंजारी, अत्तार, बागवान, मोमीन अशा सगळ्यांना एका पट्टीत बसवावे आणि वाचकाने उंचावरून ते पाहावे. ही मागणी पुरी करायला निघालेला लेखक मग सांधे घासू लागतो. बोलीतले फरक गुळगुळीत होतात. जे हलते, भांडते, चौकटीत मावत नाही, ते भूत समजून पुसले जाते. उरते तलाक, गरिबी, ईद आणि दंगल अशी ठरलेली रांग. तिच्याखाली 'विदारक' असा मथळा पडतो. 'निसर्गरम्य' आणि 'विदारक' या दोन शब्दांत फारसे अंतर नाही. दोन्ही दुरून सुचतात.

हमीद दलवाईंची 'इंधन' १९६५ साली आली. त्यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत. पण ही कादंबरी समग्र दर्शनाच्या मागे लागत नाही. कोकणातले एक गाव आणि तिथे परतलेला, स्वतः दोषांपासून मुक्त नसलेला एक निवेदक, एवढीच तिची चौकट आहे. निवेदक डोंगरमाथ्यावर नाही, पेटणाऱ्या गावाच्या आत आहे. म्हणून त्या एका गावातून जेवढे दिसते तेवढे पुढच्या अनेक 'समग्र' कादंबऱ्यांतून दिसले नाही. गोंदियाच्या मुस्लिम माणसाची, या धानाच्या आणि तलावांच्या मुलखातल्या घराची कथा मराठीत यायची तर ती अशीच यावी लागेल. एका पाळीवरून, आणि पाळ दाखवत.

पर्यटकाने चार दिवस फिरायला जावे तर इतिहास खांद्यावर घ्यावा का, हा आक्षेप मला मान्य आहे. त्याने घेऊ नये. मुंबई-हावडा मार्गावर दरेकसा स्टेशनाजवळ उतरून हाजरा फॉल पाहावा, मनसोक्त चित्रे काढावीत. पण त्याच भागात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड समाजाची मोठी जत्रा भरते, हे माहीत असले तर तो त्या डोंगरांना 'निर्जन' म्हणणार नाही. मागणी एवढीच आहे. चित्राखाली दोन ओळी लिहाव्यात : कुठे उभे राहून काढले, आणि ती जागा कुणी बांधली किंवा कुणाची आहे. जमल्यास फिरताना कॅमेरा थोडा खाली झुकवावा म्हणजे पाळीचा दगड येईल. आकाश थोडे कमी येईल. एखादा डोंगा अर्धवट आला तर तो पुसू नये, तिथे माणूस काम करत होता याची ती साक्ष आहे. चित्र सदोष होईल आणि खरे होईल. लेखकांनीही हे दोन नियम पाळले तर परीक्षणांतला 'समग्र' हा शब्द काही वर्षे बाजूला ठेवता येईल, आणि त्याने आपले काही बिघडणार नाही.