सपाट ताडपत्रीतला बाक

हे निळं शीड डोलकाठीवर चढवण्याआधी जमिनीवर पसरून पाहावं. पावसाळ्यात आपण छपरांवर टाकतो तीच ही ताडपत्री, ऑप्टिमिस्ट होडीसाठी घरी शिवलेली. फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये ही होडी मुलांसाठी आखली, तीही प्लायवुडमधून घरच्या घरी बांधता येईल अशी. लांबी २.३ मीटर, शीड जेमतेम ३.३ चौरस मीटर. एवढंसं शीड, पण कितीही हात फिरवा, ते जमिनीला सपाट टेकत नाही. पहिली दाद इथेच द्यावी.

आता डोलकाठीकडची कड पाहा. सरळच वाटते, पण दोन्ही टोकांत सुतळी ताणून धरली की मध्यावर कापड सुतळीच्या पुढे आलेलं दिसतं. ही गोल कड सरळ काठीला बांधली की जादा कापड मागे सरकतं आणि शिडाला पोट येतं. मात्र वाऱ्यात काठीही वाकते आणि आपल्या बाकापुरतं कापड परत ओढून घेते. म्हणून करणाऱ्याने काठी आधी वाकवून बाक मोजला आणि तेवढी गोलाई वरून वाढवली. जोराच्या वाऱ्यातही या शिडाचं पोट पुरतं नाहीसं होणार नाही, याची सोय कात्री लावण्याआधीच झालेली आहे.

पण नुसत्या गोल कडेने पोट काठीलगतच राहतं. ते मागे न्यायला ब्लाउजला घेतात तसे टक्स लागतात, आणि या शिडात माझा जीव जडला तो त्यांच्यावर. खालच्या पुढच्या कोपऱ्याजवळून ते निघतात आणि रुंदीच्या साधारण ४० टक्क्यांवर, जिथे पोट सर्वांत खोल हवं तिथे, विरून जातात. विरून जातात असंच म्हणायला हवं. सरळ रेषेत घेतलेल्या टक्सच्या टोकाशी कापडाचा फुगा येतो. इथे शिवण हलक्या वळणाने निमुळती केली आहे. बोट फिरवलं तर टक्स कुठे संपला ते सांगता येत नाही.

कापडाची दिशा तितकीच विचारपूर्वक निवडली आहे. उभ्या-आडव्या धाग्यात ताडपत्री ताणत नाही, उरेब धरली की ताणते. मागची कड मोकळी, तिला काठीचा आधार नाही. म्हणून उभा धागा नेमका तिच्या रेषेत ठेवला आहे. उरेब आली ती पुढे, जिथे काठी सांभाळून घेते. शिवाय मागची कड किंचित आत कोरली आहे, त्यामुळे ती फडफडत नाही.

टीप झिगझॅग आणि लांब आहे: ताणाला जागा देणारी, कापडाची चाळणी न करणारी. टाचण्यांऐवजी दुहेरी चिकटपट्टी वापरल्याने फुकटचं एकही भोक नाही. कोपऱ्यांवरची ठिगळं एकाहून एक मोठी, म्हणजे ओढ एकाच रेषेवर येऊन थांबत नाही.

खरी परीक्षा वाऱ्यात. वरचं टोक उचलून धरणारी तिरकी काठी सैल असली की शिडाच्या पुढच्या वरच्या कोपऱ्यातून मागच्या खालच्या कोपऱ्याकडे चुणी पडते. कापणी चुकलेली असती तर काठीची दोरी ओढल्यावर चुणी नुसती जागा बदलत राहिली असती. इथे दोरी बोटभर ओढली आणि चुणी गेली.