गोडसे भटजींचं मत शोधायचं कुठे?

१८५७वरचा कुठलाही मराठी निबंध घ्या, त्यात विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा हवाला असतोच. आपल्या ग्वाल्हेर-झाशीकडे तर जरा जास्तच. पण हवाला देताना आपण भटजींना निव्वळ साक्षीदार समजतो, जणू दिसलं ते लिहिलं. मला हे पटत नाही. भटजींची मतं चांगली ठाम आहेत; ‘माझे मत असे’ म्हणून ती क्वचितच येतात, एवढंच.

वरसईचा हा भिक्षुक घरच्या कर्जापायी काकांबरोबर उत्तरेकडे निघाला. बायजाबाई शिंदे यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा. म्हणून पुस्तकात दानधर्म, भोजनं, दक्षिणा यांचा हिशेब बारीक येतो. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम ते सांगतात तेव्हा व्यायाम, घोडा यांच्याबरोबर स्नान, पूजा, दानही येतं. गौरवाचं एकही विशेषण काढून टाका, तरी पारडं कुठे झुकलंय ते कळतं.

ऐकीव गोष्टींचं मात्र वेगळं आहे. इंग्रजांनी राजेरजवाड्यांना कलकत्त्याला बोलावून धर्म बुडवणारी चौऱ्याऐंशी कलमं पुढे ठेवली, हे ते घडल्यासारखंच सांगतात. अशा सभेला कागदपत्रांत आधार नाही. म्हणून उतारा टाकून द्यायचा का? मुळीच नाही. छावणीत आणि बाजारात लोक काय खरं मानत होते, त्याचा तो पुरावा आहे. इथे भटजी गर्दीच्या आवाजात बोलतात, आणि तो आवाज त्यांना पटलेला आहे. मी इंजिनिअर माणूस. मीटर थोडा चुकीचा दाखवत असला तरी माझं काम अडत नाही, फक्त काटा कुठल्या बाजूला आणि किती सरकतो ते ठाऊक हवं. राणीच्या मृत्यूबद्दल लिहितानाही हे ध्यानात ठेवा. जून १८५८मध्ये भटजी ग्वाल्हेरच्या रणांगणावर नव्हते.

एप्रिल १८५८च्या झाशीत मात्र ते स्वतः होते, जीव मुठीत धरून लपलेले. इथे लेखणीच बदलते. उपदेश थांबतो आणि यादी सुरू होते: सोन्याचांदीपासून भांडीकुंडी, कापडचोपड, धान्यापर्यंत लूट कशी टप्प्याटप्प्याने झाली त्याची. पोथ्यांचा संग्रह उद्ध्वस्त झाला तिथे पोथीवर जगणाऱ्या माणसाची हळहळ उमटतेच. इंग्रजांना शिव्याशाप देणाऱ्या पानभर मजकुरापेक्षा मला ही यादी जास्त जड वाटते.

आणि तो विहिरीचा प्रसंग. काल्पीच्या वाटेवर तहानलेली राणी येते. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात, ती विद्वान ब्राह्मणाला तसं करू देत नाही, आणि मग बोलते: आपण विधवा, आपली गरज ती केवढी, धर्मासाठी हे सगळं पत्करलं. भाषणांतून हे राणीचे शब्द म्हणून बिनदिक्कत सांगितले जातात. भेट झाली असेल, मला शंका नाही. पण भटजींनी हे लिहिलं सुमारे पंचवीस वर्षांनी. आणि ती बोलते ते नेमकं एका धर्मनिष्ठ ब्राह्मणाला तिच्या तोंडून ऐकावंसं वाटेल असंच आहे. ब्राह्मणाचा मान, विधवेची अल्प गरज, धर्माचं कारण, सगळं एका ओंजळीत! आपलं मत आदरणीय माणसाच्या मुखातून वदवणं ही आपल्या बखरींची जुनीच रीत. भटजी खोटं बोलले असं मी म्हणत नाही. आठवणीला मताने आकार दिला, इतकंच म्हणतो.

यावर आणखी एक थर आहे. १९०७ साली हे पुस्तक छापलं ते चिंतामण विनायक वैद्यांनी. ग्वाल्हेर संस्थानात सरन्यायाधीश राहिलेला हा विद्वान माणूस. त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, मजकुरातही हात घातला. राज्य इंग्रजांचं होतं, विषय बंडाचा होता, त्यामुळे त्यांची अडचण समजू शकते. पण परिणाम असा, की त्या आवृत्तीत कुठलं वाक्य भटजींचं आणि कुठली सावधगिरी वैद्यांची, हे वाचणाऱ्याला सांगता येत नाही. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६मध्ये आवृत्ती काढली. तिच्यात वाक्यं ओबडधोबड आहेत, मध्येच फाटे फुटतात, नको त्या कुचाळक्याही येतात. भटजी भेटतात ते तिथे.

तरी आपल्याकडच्या लेखांत अजून १९०७चाच मजकूर फिरतो, तोही बहुधा कुणाच्या तरी लेखातून उचललेला. पुढच्या निबंधात ‘गोडसे म्हणतात’ लिहाल तेव्हा शेजारी कंसात आवृत्तीचं साल टाका, आणि ते स्वतः पाहिलेलं सांगताहेत की ऐकलेलं, तेही.