पुसली जाणारी रेघ

डोंगर नाहींसा होणें म्हणजे काय, हें खारघरच्या रहिवाशास नव्यानें सांगावें लागत नाहीं. पारसिकच्या रांगेस दगडखाणींनीं पाडलेल्या खांडी आपण जातांयेतांना पाहतों. आणि उलव्याची टेकडी तर विमानतळाकरितां सुरुंग लावून सपाट करण्यांत आली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं त्या विमानतळाचें उद्घाटन झालें. टेकडीचें चित्र मात्र कोणाच्या दिवाणखान्यांत असेलसें वाटत नाहीं. ज्या भूमीवर आपण घरें बांधतों तिचें पूर्वरूप इतक्या लवकर विस्मृतींत जात असतां, श्री. प्रभाकर पाचपुते यांच्या रेखाटनांचा विचार करणें अगत्याचें आहे.

पाचपुते यांचा जन्म १९८६ सालीं चंद्रपूर जिल्ह्यांतील सास्ती या गांवीं झाला. हा मुलूख कोळशाच्या खाणींचा. खाण शेत गिळीत पुढें सरकते आणि शेतकऱ्याचा मुलगा त्याच खाणींत मजूर होतो, ही तेथील रीत. खैरागडच्या इंदिरा कला संगीत विश्वविद्यालयांत व पुढें बडोद्यास त्यांनीं शिक्षण घेतलें तें शिल्पकलेचें. नांव मिळविलें तें कोळशाच्या कांडीनें. २०१२ सालीं मुंबईच्या क्लार्क हाउसमध्यें त्यांचें ‘कॅनरी इन अ कोलमाइन’ हें प्रदर्शन भरलें. विषारी वायूची सूचना मिळावी म्हणून पूर्वी खाणकामगार कॅनरी पक्षी बरोबर नेत. पक्ष्यानें मान टाकली कीं माणसें जीव घेऊन बाहेर पळत. चित्रकारानें आपल्याकडे घेतलेली भूमिका या नांवांतच आली आहे.

त्यांच्या चित्रांतील माणसास पुष्कळदां डोकें नसतें. धडावर कोठें दिवा, कोठें अवजार, कोठें घर बसविलेलें असतें. प्रथमदर्शनीं हा चमत्कृतीचा हव्यास वाटेल. परंतु मजुराच्या केवळ हातांची मागणी करणाऱ्या व्यवहारानें त्याचें मस्तक केव्हांच हिरावून घेतलें आहे. चित्रकार तें दाखवितो इतकेंच. तथापि हीच युक्ति वारंवार योजिली म्हणजे तिचा संकेत बनतो, आणि दुःख कोणाचें हें कळण्यापूर्वी चित्र कोणाचें हें कळूं लागतें. हा धोका पाचपुते यांनीं सर्वत्र टाळला आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं.

याहून मोठा प्रश्न साधनाचा आहे. चित्रकाराचा कोळसा जळक्या लांकडाचा, खाणींतला दगडी. पण दोन्ही हात सारखेच काळे करतात. पाचपुते पुष्कळदां प्रदर्शनाच्या भिंतीवरच प्रचंड रेखाटन करतात, आणि प्रदर्शन संपलें कीं तें पुसलें जातें. नाहींशा होणाऱ्या भूमीचें चित्रही नाहींसें व्हावें, यांत एक कठोर प्रामाणिकपणा आहे. पण साओ पाउलो (२०१४) पासून व्हेनिस (२०२२) पर्यंतच्या प्रदर्शनांत ज्यांनीं त्यांचें काम पाहिलें, ते सास्तीचे मजूर नव्हत.

येथें चित्तप्रसादांची आठवण येते. १९४३ च्या दुष्काळांत बंगालमध्यें हिंडून त्यांनीं काढलेलीं चित्रें ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तकांत छापलीं गेलीं. इंग्रज सरकारनें त्याच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. तरी कुटुंबानें जपलेली एक प्रत उरली व तिच्यावरून पुढें पुस्तक पुन्हां निघालें. नंतर मुंबईंत राहून चित्तप्रसादांनीं लिनोलियमवर कोरून ठसे काढले. कोरलेल्या एका पत्र्यावरून पुष्कळ प्रती निघतात. त्या स्वस्त असतात आणि गरिबाच्या भिंतीवरही लागूं शकतात. सत्ता एक जाळील, दहा जाळील. अकरावी कोठें तरी राहते. रेखाटनाचें सामर्थ्य हाताच्या एका क्षणांत आहे, ठशाचें सामर्थ्य संख्येंत.

पाचपुते यांस ही जाणीव नाहीं असें नव्हे. वेल्स हाही कोळशाचाच देश. २०२१ सालीं कार्डिफचें आर्टेस मुंडी पारितोषिक सहा कलावंतांस मिळून देण्यांत आलें, त्यांत ते होते. आणि त्या प्रदर्शनासाठीं तेथील खाणकामगारांच्या निशाणांवरून त्यांनीं स्फूर्ति घेतली होती. निशाण हें भिंतीसाठीं नसतेंच; तें खांद्यावर घेऊन रस्त्यानें चालावयाचें असतें. ज्यांचें दुःख त्यांच्याच हातीं चित्र देण्याची ही वाट त्यांनीं पुढें अधिक रुंद करावी. पुसली जाणारी रेघ पाहणाऱ्याच्या मनाला चटका लावते. पण खाणीच्या कडेच्या घरांत रात्रीं दिव्याखालीं पाहावयास एखादा ठसाच राहील. तसा एक उलव्याच्या टेकडीचाही कोणी कोरला असता, तर आज आमच्या मुलांस दाखवावयास कांहीं उरलें असतें.