योसेफ स्कुपाची लाकडी माणसे

बाहुल्यांचा खेळ म्हटला की आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य मुलांना पुढे बसवितो आणि आपण मागे उभा राहून घड्याळ पाहू लागतो. मराठी रंगभूमीचे जनक विष्णुदास भावे यांनी स्वतः लाकडी बाहुल्या घडविल्या होत्या, याचे स्मरणही त्याला अशा वेळी होत नाही. चेक लोकांची गोष्ट निराळी. शहरांवर जर्मन भाषेचा पगडा असता मात्येय कोपेत्स्कीसारखे (१७७५–१८४७) फिरते बाहुलीकार गावोगाव चेक भाषेत नाटके करीत हिंडले, आणि ती पाहावयास थोर माणसे जमत. या परंपरेचा विसाव्या शतकातील मोठा वारस म्हणजे योसेफ स्कुपा (१८९२–१९५७). त्याच्याविषयी लिहिणारे बहुधा त्याच्या देशभक्तीवर आणि कारावासावर भर देतात. तो गौरव यथार्थच आहे. परंतु त्यामुळे त्याच्या कलेतील खरा शोध झाकला जातो, अशी माझी तक्रार आहे.

स्कुपा पेशाने चित्रकलेचा शिक्षक. प्रागच्या कलाशाळेत शिकून तो पिल्सेन शहरी शिकवू लागला, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात तेथील बाहुली-रंगभूमीत शिरला. त्या वेळी त्याच्या हाती होता काश्पारेक, म्हणजे चेक खेळांतील परंपरागत विदूषक. या विदूषकाच्या तोंडून स्कुपाने ऑस्ट्रियाच्या साम्राज्याची यथेच्छ टवाळी केली, आणि १९१८ मध्ये साम्राज्य कोसळले तेव्हा काश्पारेकच्याच हस्ते त्याचा प्रतीकात्मक दफनविधीही उरकला.

येथवरची हकीकत कोणत्याही देशभक्त कलावंताची असू शकेल. पुढचा प्रश्न अवघड होता. काश्पारेक हुशार, हजरजबाबी आणि सदैव बरोबर. शत्रू गेल्यावर अशा पात्राने करावे काय? स्वराज्यातही तो शहाणाच राहिला तर उपदेशक व्हावयाचा! स्कुपाने त्याच्याऐवजी एक मठ्ठ मनुष्य निर्माण केला. त्याच्या आराखड्यावरून कारेल नोसेक नावाच्या कारागिराने १९२० च्या सुमारास स्पेय्बल कोरला. टक्कल पडलेले डोके, भले मोठे कान, अंगात समारंभाचा काळा कोट, हातांत पांढरे मोजे आणि पायांत लाकडी खडावांसारखे जोडे. वर दरबार आणि खाली गोठा! १९२६ मध्ये गुस्ताव नोसेकने हुर्विनेक घडविला. हा पुढे स्पेय्बलचा मुलगा ठरला. बाप प्रत्येक विषयावर मत देतो. मुलगा एक साधा प्रश्न विचारतो. बापाचे मत जमीनदोस्त होते. तरीही बाप बोलतच राहतो. ज्याने तीस वर्षे फळ्यापुढे काढली आहेत त्याला हा सूर ओळखीचा वाटल्यावाचून राहणार नाही.

प्रौढांसाठी बाहुल्या कशास, जिवंत नट का नको, या आक्षेपाचे उत्तर मला येथे सापडते. नटाने मूर्खाची भूमिका उत्तम वठविली म्हणजे आपण नटाच्या चातुर्याला दाद देतो, आणि मूर्खपणा विसरून जातो. स्पेय्बलच्या मागे असा शहाणा चेहरा दिसत नाही. लाकडाला लाज वाटत नाही. वादात हरल्यावरही त्याची मुद्रा तीच. माणसाची आत्मसंतुष्टता इतक्या नेमकेपणाने दाखविणे हाडामांसाच्या चेहऱ्याला क्वचितच साधेल. शिवाय दोन्ही आवाज स्कुपाचेच. बापाचा खर्ज आणि मुलाची चिरकी किणकिण एकाच कंठातून आळीपाळीने निघत. म्हणजे हा कलह दोघांचा दिसला तरी वस्तुतः एकाच मनुष्याचा स्वतःशी चाललेला होता. १९३० मध्ये स्कुपाने आपली व्यावसायिक मंडळी उभारली ती या जोडीच्या बळावर.

नाझी अंमलात हा मठ्ठपणाच ढाल ठरला. मूर्खाने वाक्य अर्धे सोडले तर दोष मूर्खाचा. ते पुरे करणारे प्रेक्षक अंधारात बसलेले. १९४१ च्या एका खेळाचे नावच ‘उद्याचा दिवस चिरायु होवो’ या अर्थाचे होते. जानेवारी १९४४ मध्ये गेस्टापोने स्कुपाला पकडले आणि पुढे त्याला ड्रेस्डेनच्या तुरुंगात ठेवले. फेब्रुवारी १९४५ च्या बाँबवर्षावात तो तुरुंग पेटला, आणि स्कुपा त्यातून निसटून घरी परतला. त्याच वर्षी प्राग येथे त्याने रंगमंदिर उघडले.

१९४८ च्या फेब्रुवारीत साम्यवाद्यांनी सत्ता घेतली. त्याच वर्षी सरकारने स्कुपाला ‘राष्ट्रीय कलावंत’ ही पदवी दिली. येथे मात्र माझे मन निःशंक राहत नाही. परक्याच्या राज्यात अर्धे सोडलेले वाक्य प्रेक्षक आनंदाने पुरे करतात. परंतु सरकारच आपल्याला आपला म्हणू लागले की तेच वाक्य कोणी आणि कसे पुरे करावे? स्पेय्बल आणि हुर्विनेक बोलत राहिले. १९५६ मध्ये स्कुपाने दोन्ही आवाज मिलोश किर्शनर या तरुण नटाच्या स्वाधीन केले, आणि त्या जोडीचे रंगमंदिर प्रागमध्ये आजही चालू आहे. हा प्रश्न उघडपणे मांडला तो पिल्सेनच्या शाळेतील स्कुपाच्याच एका विद्यार्थ्याने. यिर्झी त्र्न्काच्या ‘हात’ (१९६५) या बाहुलीपटात एक कुंभार आपल्या रोपासाठी कुंड्या करीत असतो. एक प्रचंड हात येऊन त्याला आपलीच प्रतिमा घडवावयास सांगतो, पिंजऱ्यात कोंडतो, पदके देतो, आणि तो मेल्यावर त्याला मोठ्या इतमामाने निरोपही देतो. १९६९ मध्ये त्र्न्का वारला. त्यानंतर या चित्रपटावर बंदी आली.