कल्पित वंशांची नावे : ध्वनी, नाते आणि सत्ता

अस्तित्वात नसलेल्या मानवसमूहाला नाव देणे ही वरकरणी निरुपद्रवी वाटणारी भाषिक कृती आहे. कादंबरीचा वाचक असे नाव डोळ्यांनी वाचतो आणि पुढे जातो. फँटसीच्या भूमिकानिष्ठ खेळात, म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, मात्र खेळणाऱ्याला ते नाव स्वतःच्या तोंडाने उच्चारावे लागते. ‘मी अमुक वंशाचा’ असे प्रथमपुरुषी विधान करावे लागते. नावाच्या विश्वसनीयतेचा प्रश्न येथे म्हणूनच अधिक तीव्र होतो. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार मराठीच्या अंगाने करावयाचा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून (१९७४) हा खेळप्रकार रूढ झाला. त्यावरील टॉल्किनचे ऋण उघड होते. कायदेशीर हरकतीमुळे ‘हॉबिट’ हे नाव पुढे वगळावे लागले आणि त्याजागी ‘हाफलिंग’ आले. ही अदलाबदल अर्थपूर्ण आहे. ‘हॉबिट’ हे त्या समूहाचे स्वतःचे नाव, तर ‘हाफलिंग’ हे उंच माणसांनी आपल्या मापाने त्याला दिलेले. स्वनाम आणि परनाम यांतील हा भेद पुढील विवेचनाचा आधार आहे.

नाव विश्वसनीय कसे होते, याचे नेहमीचे उत्तर ध्वनिव्यवस्थेकडे बोट दाखवते. एका वंशाची सर्व नावे एकाच भाषेतून आल्यासारखी वाटली पाहिजेत. टॉल्किनने आपल्या दोन प्रमुख एल्फभाषांसाठी अनुक्रमे फिनिश आणि वेल्श यांचे ध्वनिसंस्कार घेतले, हे सर्वश्रुत आहे. हे उत्तर चुकीचे नाही, अपुरे आहे. वर्गात विद्यार्थ्यांकडून कल्पित जगाचे लेखन करून घेताना एक गोष्ट वारंवार जाणवली. सज्जन वंशांची नावे संस्कृतप्रचुर, ल-म-न-र या मृदू वर्णांनी युक्त असतात. दुष्टांच्या वाट्याला ट-ठ-ड-ढ ही मूर्धन्य व्यंजने येतात. हे लिहिणारी मुले कडा, आष्टी, पाटोदा, बीड येथील. या न्यायाने त्यांचीच गावे दुष्टांच्या नकाशावर पडतात! आपल्या बोलीचे ध्वनी ‘रांगडे’ आणि म्हणून हीन, हा प्रमाणभाषेने शिकविलेला संस्कार कल्पितातही सुटत नाही, एवढाच याचा अर्थ.

मराठी गद्याच्या परंपरेत या संस्काराला पूर्वपीठिका आहे. हळब्यांच्या ‘मुक्तामाले’त (१८६१) शुक्लाक्ष, भयानक अशी नावे भेटतात, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ (१८६८) याच वळणाची. ही नावे पारदर्शक आहेत; पात्र काही करण्यापूर्वीच नाव त्याचा निवाडा करून मोकळे होते. याच्या दुसऱ्या टोकाला जी. ए. कुलकर्णी यांचे ‘इस्किलार’ (‘रमलखुणा’, १९७५) हे अपारदर्शक शीर्षकनाम आहे. त्याची व्युत्पत्ती मराठी वाचकाला लागत नाही आणि ती न लागण्यातूनच दूरत्वाचा अनुभव मिळतो. परंतु एका कथेच्या नियतिविश्वाला जे पुरते ते समूहाला पुरेलच असे नाही. समूहाच्या नावाला शेजारी लागतात, आणि शेजाऱ्यांच्या तोंडी ते झिजावेही लागते.

झिजलेल्या नावांचा साठा लोकपरंपरेत विपुल आहे. यक्षिणीची जखीण झाली, अप्सरांच्या आसरा झाल्या आणि विहिरीच्या काठी सात जणींनी वसल्या. अरबी ‘खबीस’ मराठीत ‘खवीस’ होऊन राहिला. मुंज झाली पण सोडमुंज व्हायची राहिली, अशा मुलाचा मुंजा होतो. येथे नावामागे ध्वनिपरिवर्तनाचा इतिहास आहे, संस्कृतिसंपर्काची खूण आहे, अपुऱ्या राहिलेल्या संस्काराची समाजव्यवस्थाही आहे. या नावांवर कोणी एका लेखकाची मुद्रा नाही, आणि त्यांची विश्वसनीयता बऱ्याच अंशी याच गोष्टीतून येते.

पुराणांची पद्धत याहून निराळी आणि अधिक विचारणीय आहे. दितीचे दैत्य, दनूचे दानव, अदितीचे आदित्य, कालकेचे कालकेय, कद्रूचे काद्रवेय, विनतेचा वैनतेय : वंशनाम आईच्या नावावरून अपत्यार्थक प्रत्ययाने सिद्ध होते. पिता बहुधा एकच, कश्यप. म्हणजे परस्परांचे वैरी सावत्र भाऊ ठरतात. नावच सांगते की शत्रू परका नाही. वैर येथे नाकारलेले नाही. पण प्रत्येक वैऱ्याला आई आहे, हे व्याकरणानेच नोंदवून ठेवले आहे.

‘बाहुबली’ (२०१५) या चित्रपटात कालकेय हे नाव पुन्हा आले. त्यांच्यासाठी मदन कार्की यांनी ‘किलिकी’ ही भाषा रचली. भाषारचनेतील परिश्रम निर्विवाद आहेत. मात्र पडद्यावरील कालकेयांना कालका उरलेली नाही. नावातील मातृसंबंध पुसला गेला आणि सामान्य प्रेक्षकाला उरला तो केवळ ‘काळ’ हा ध्वनी, काळवंडलेला देह आणि न कळणारी बोली. प्राचीन नाव उसने घेऊनही नामकरणाची रीत वसाहतकालीनच राहिली.

‘वसाहतकालीन’ हा शब्द येथे सहज वापरलेला नाही. १८७१ च्या कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविण्याची तरतूद झाली. तो शिक्का कायद्याच्या पातळीवर १९५२ मध्ये पुसला गेला. एका समूहाला एक नाव आणि त्या नावाला एक स्वभाव, हे त्या कायद्याचे सूत्र होते. खेळांच्या नियमपुस्तकात ‘ऑर्क’ या नावापुढे दुष्टत्व नोंदवले जाई, तेव्हा सूत्र निराळे नव्हते. लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ (१९८७) हे बाहेरच्यांनी चिकटवलेले नाव आत्मकथनाच्या शीर्षस्थानी ठेवले, तेव्हा परनामाचा उलट वापर कसा करता येतो हे मराठी साहित्याने पाहिले. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०२४ च्या नियमपुस्तकात ‘वंश’वाचक ‘रेस’ हा शब्द काढून ‘स्पीशीज’ हा शब्द योजला आहे. मराठीत दोन्हींसाठी सहज ओठांवर येणारा शब्द ‘जात’ हाच आहे. पारिभाषिक शब्द बदलून आपली सुटका होणार नाही.

तात्पर्य, कल्पित वंशाचे नाव केवळ कानाला पटून भागत नाही. त्याला तीन प्रश्न विचारले पाहिजेत : हे लोक स्वतःला काय म्हणवतात, शेजारी त्यांना काय म्हणतात, आणि या दोन नावांत अंतर का पडले? ज्या रचनेत या तिन्हींची उत्तरे आहेत तेथे नाव आपोआप विश्वसनीय होते, मग त्यात ‘ड’ असो वा ‘ल’. वर्गातील एका मुलीने पुढच्या खेपेस आपल्या दुष्ट टोळीला दोन नावे दिली : एक किल्ल्यातल्यांनी दिलेले, दुसरे टोळीतल्या आयांनी दिलेले. त्यानंतर ती टोळी तिला निखळ दुष्ट ठेवता आली नाही. कथा लांबली आणि सुधारलीही.