तुरुंगाचा इतिहास कोणाच्या बाजूने?

तुरुंगाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते, तो बहुधा इमारतीचा इतिहास असतो. बांधकाम कधी झाले, खर्च किती आला, शेरीफ कुठे राहत असे. अमेरिकेतील ग्रामीण कौंट्यांच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यांच्या, जुन्या तुरुंगांविषयी वाचताना मला एकच प्रश्न पडतो : आत कोण होते?

मिसिसिपी राज्याचेच पाहू. १८६५ साली तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी रद्द केली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तमजुरी मात्र शिल्लक ठेवली. त्याच वर्षी या राज्याने ‘ब्लॅक कोड’ आणले. कामाचा लेखी पुरावा नसलेला काळा माणूस भटक्या ठरू लागला आणि दंड भरता आला नाही की त्याची मजुरी दुसऱ्याच्या हवाली होऊ लागली. १८७१ च्या कायद्याने ज्यांच्या जन्मालाच गुन्हा ठरवले, त्या आपल्याकडील जमातींना हा न्याय समजावून सांगण्याची गरज नाही.

याच राज्यातील माँटगोमेरी कौंटीत विनोना हे गाव आहे. ९ जून १९६३ रोजी मतदार-शिक्षणाच्या शिबिरातून परतणाऱ्या फॅनी लू हेमर व त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे अटक झाली. कौंटीच्या तुरुंगात हेमरबाईंना अमानुष मारहाण झाली. हुकूम गोऱ्या अधिकाऱ्याचा. मारायला लावले दोन काळ्या कैद्यांना. शोषितांच्या हातूनच शोषिताला ठेचण्याची ही रीत आपल्याही ओळखीची आहे. डिसेंबर १९६३ मध्ये गोऱ्या ज्यूरीने आरोपी अधिकाऱ्यांना निर्दोष सोडले.

२२ ऑगस्ट १९६४ रोजी, डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे, कापसाच्या मळ्यावर राबलेल्या या स्त्रीने ते सारे सांगितले. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ऐनवेळी पत्रकारांना बोलावून कॅमेरे दुसरीकडे वळवले. तरी संध्याकाळी दूरचित्रवाणीवर साक्ष दिसलीच.

ही साक्ष वाङ्मय म्हणून वाचली पाहिजे, असे माझे मत आहे. तीत अलंकार नाहीत, दयेची याचना नाही. शेवटी ती देशालाच जाब विचारते. दलित आत्मकथनांत कलात्मकता शोधत बसणाऱ्या प्रस्थापित समीक्षेला हे बळ मोजता येत नाही. १९७२ साली दलित पँथरने आपले नाव काळ्यांच्या लढ्यावरून घेतले, तेव्हा हे नाते आपण मान्य केलेच होते.

जुने तुरुंग जरूर जपावेत. पण आत कोंडलेल्याची साक्ष नसेल, तर भिंतीवरची पाटी जेलरच्याच बाजूने बोलत राहील.