जोडीचा तोल मोजायचा कसा? टँगोवरचा एक शोधनिबंध वाचताना

‘टँगो जोडीने नाचला की तोल सुधारतो’, असं विधान तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेल. त्याला संशोधनाचा आधारही दिला जातो. पण त्यातल्या ‘जोडीने’ या शब्दाला पुरावा किती? संशोधनाच्या तयारीत असाल तर हा प्रश्न सरावाला फार चांगला आहे. चला, एक मूळ निबंधच उघडू.

अभ्यास काय सांगतो

मॅडलिन हॅकनी आणि गॅमन अर्हार्ट यांचा हा निबंध २०१० चा, अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला. कंपवाताच्या (पार्किन्सन्सच्या) ३९ रुग्णांचे यादृच्छिक पद्धतीने दोन गट केले. एक गट साथीदारासोबत टँगो शिकला, दुसरा साथीदाराशिवाय. आठवड्यातून दोनदा, एकेक तास, दहा आठवडे.

दोन्ही गटांचा तोल सुधारला, चालण्याचा वेगही वाढला आणि महिन्याभराने तपासलं तेव्हा सुधारणा टिकून होती. पण जोडीवाला गट पुढे गेला नाही. त्यांना मजा जास्त आली, पुढे शिकत राहायची इच्छाही जास्त दिसली, इतकंच.

रचनेचं कौतुक करायलाच हवं. नाच तोच ठेवून फक्त साथीदार काढून घेतला, तेव्हा कुठे साथीदाराबद्दल बोलता येतं. पण दोन गोष्टी नीट बघा. एक म्हणजे प्रत्येक गटात जेमतेम वीस माणसं. एवढ्यांत लहानसा फरक असला तरी सापडणं कठीण. ‘फरक दिसला नाही’ आणि ‘फरक नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. प्रबंधात ती एकमेकांच्या जागी लिहू नका. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे: मोजलं काय?

फुगडीकडून बघू

गौरी-गणपतीत कोल्हापूरच्या कुठल्याही पेठेत फुगडी बघा. दोघी पायाला पाय जुळवतात, हात फुलीसारखे गुंफतात, मागे झुकतात आणि गरगर फिरतात. त्या क्षणी दोघींपैकी एकीचाही तोल तिच्या एकटीचा नसतो. हात सुटला की दोघी आपटणार. एक जण वजनदार असेल तर ती कमी झुकते, हलकी जास्त झुकते. हे कुणी सूत्र मांडून शिकवत नाही, हाताला लागणाऱ्या ओढीवरून कळतं.

टँगोच्या जवळच्या मिठीत ओढ नसते, असलं तर किंचित टेकणं असतं. शिवाय फुगडीत वाट ठरलेली, गोल. टँगोत पुढचं पाऊल आधी ठरलेलं नसतं. नेणाऱ्याने छातीची दिशा आणि वजन बदललं, की सोबत नाचणाऱ्याला ते ओळखून पाऊल टाकायचं असतं. म्हणून शिकवणारे सांगतात: हातांनी ढकलू नका, आधी स्वतःचं वजन पूर्ण एका पायावर घ्या. वजन दोन्ही पायांत वाटलेलं राहिलं, तर तुमचा मोकळा पाय कुठला तेच समोरच्याला कळत नाही.

आता चाचणी बघा. बर्ग बॅलन्स स्केलमध्ये १४ कृती, एकूण ५६ गुण. खुर्चीतून उठणं, एका पायावर उभं राहणं, जागच्या जागी पूर्ण वळणं. सगळं एकट्याने! वैद्यकीय प्रश्नासाठी हे बरोबरच आहे, कारण रुग्ण घरात एकटाच चालतो आणि पडतोही एकटाच. पण दोघांच्या मधे काही घडलं असेल, तर ते या मोजपट्टीवर उमटायला जागाच नव्हती.

स्पर्शाने काहीतरी घडतं याचा पुरावा दुसरीकडे आहे. जेका आणि लॅकनर यांनी १९९४ मध्ये दाखवलं, की बोटाचं टोक स्थिर पट्टीला नुसतं टेकवलं तरी उभ्या माणसाचं डुलणं घटतं. जोर १ न्यूटनपेक्षाही कमी, म्हणजे १०० ग्रॅम वजनाइतकाही नाही. एवढ्याशा जोरावर शरीर सावरलं जात नाही. आपण किती डुलतोय याची खबर मात्र मिळते. अर्थात साथीदार पट्टीसारखा स्थिर नसतो, तोही डुलतोच. खरा प्रश्न इथून पुढे सुरू होतो.

मग यातून घ्यायचं काय?

आधी सल्ल्याबद्दल. ‘जोडीदार हवाच’ असं सांगितलं, तर कंपवात झालेली एकटी आजी घरीच बसेल. हा निबंध तिच्या बाजूने आहे: साथीदाराशिवाय नाचलेल्यांतही सुधारणा दिसली. आपण तिला चुकीचं वाक्य ऐकवलं तर नुकसान तिचं होतं.

आणि तुमच्या प्रस्तावाबद्दल. जोडीचा अभ्यास करायचा तर मोजमापही जोडीचं हवं. फुगडी त्यासाठी सोपी आहे: गुंफलेल्या हातांत ओढ मोजणारा सेन्सर बसवा, वेग बदलताना दोघींत किती उशीर होतो ते पाहा, आणि मग जोड्या बदला. कौशल्य एकेकीचं असेल तर नव्या जोडीतही ते टिकेल. दोघींचं मिळून असेल तर बिघडेल. टँगोलाही हीच कसोटी लावता येईल.

पुढचा निबंध वाचाल तेव्हा निष्कर्षाआधी मोजमापाचा भाग वाचा. शीर्षकातला शब्द तिथल्या तक्त्यात कुठे मोजलाय, ते बोट ठेवून शोधा.